थांबायचं कधी, ते सांगितलं नव्हतं

लाइट गेली की आमचा संगणकाचा तास सुरू होतो.
जिल्ह्याहून आलेले सहा संगणक
जुन्या चादरीखाली निजलेत,
शेजारी पोषण आहाराच्या तांदळाची गोणी.
मी पोरांना मोहाखाली नेते,
मंडईच्या रात्री जिथे दंडार उभी राहते तिथे.

वेणू बुरडाची. पुस्तकातली अक्षरं
तिच्यासमोर मुंग्यांसारखी पांगतात.
मी फळकुटावर एक आणि शून्यांच्या ओळी काढल्या,
एक म्हणजे वर, शून्य म्हणजे खाली.
ती म्हणाली, "मॅडम, हे तं आमचं सूप होय."
कमच्या घेऊन बसली, विणत गेली,
तिसऱ्या ओळीशी बोट अडलं.
"इथं तुमचं चुकलं. इथं फुगते."
बीएड झालेल्या बाईची चूक
बांबूने पकडली होती.

आणि खिलेश.
घंटा वाजली की कानांवर हात घेतो,
ढोलकी मात्र चालते त्याला. ढोलकी तो मोजतो.
नागपूरच्या डॉक्टरांनी त्याला एक शब्द लिहून दिलाय,
आई तो घडी करून रेशनकार्डात ठेवते.
गावाकडेही एक शब्द आहे त्याच्यासाठी.
तो मी लिहिणार नाही.

मंगळवारी मी दंडारीसारखा गोल आखला,
आणि सूचना दिली, अगदी स्पष्ट, असं मला वाटलं:
थापेला एक पाऊल,
चौथ्या पावलाला गिरकी,
मग पुन्हा पहिल्यापासून.

ढोलकी थांबली. खिचडीचा वास आला.
बावीस पोट्टे ताटल्या घेऊन पळाले.
खिलेश फिरत राहिला.
मांडीवर स्वतःच थाप देत,
एक, दोन, तीन, गिरकी,
एक, दोन, तीन.
भेंडारकर सर वऱ्हांड्यातून ओरडले,
"अवं मॅडम, थांबवा ना त्याले! चक्कर येऊन पडन!"

मी धरायला गेले आणि हात मागे घेतला.
स्पर्श त्याला विस्तवासारखा लागतो.
उभी राहिले तिथेच, उन्हात,
आणि तेव्हा कुठे माझीच सूचना मला ऐकू आली.
थांबायचं कधी, ते मी सांगितलंच नव्हतं.
बावीस जणांनी माझ्या मनातलं ओळखलं.
आपण त्या ओळखण्यालाच अक्कल म्हणतो.
सांगितलेलं केलं
ते फक्त एकाने.

काडी घेतली. त्याच्या वाटेवर, धुळीत लिहिलं:
जर ______ तर थांब.
तो आला. गाळलेल्या जागेशी
पावलं जागच्या जागी पडू लागली.
काडी त्याने माझ्या हातातून घेतली नाही,
मी खाली टाकली, तेव्हा उचलली.
"सावली हापशीले लागली"
एवढंच लिहिलं, आणि पुन्हा चालू.

मोहाची सावली घाईत नव्हती.
वेणू ताटली घेऊन वर्तुळाबाहेर बसली,
फेरे मोजत, माश्या वारत.
ताटली त्याची होती.
अकराव्या फेरीला सावलीचं टोक
हापशीच्या दांड्याला शिवलं,
आणि तो थांबला, जसं काही झालंच नव्हतं,
आणि गार खिचडी खाल्ली, वाटाणे बाजूला काढून.

चार वाजता लाइट आली.
वर्गात कुणीच नव्हतं.
पंखा फिरत राहिला.
त्यालाही कुणी सांगितलं नव्हतं.