आज बंद आसा

पाटीवर खडूनं एवढंच लिहिलं होतं,
आणि खाली, घाईत: मासळी नाय.

आचऱ्याच्या तिठ्यापासून भर उन्हात
चालत आलो होतो आम्ही दोघं
एका रिक्षावाल्याच्या शब्दावर:
"पेडव्यांचा तिकला खावचा तर द्वारकाबाय कुबलांकडेच."

तीस वर्षं मी बाजारातली वजनं तपासली,
पारड्याच्या पोटाला चिकटवलेली चिंच
बोटानं काढून दाखवली भल्याभल्यांना.
शशिकला म्हणते, त्यामुळे कुणाचाच शब्द
मला पुरता भरत नाही.

आणि चार दिवसांचा अनुभव होताच.
मालवणात गुळगुळीत मेनूकार्डवर बारा नावं,
आणि बाराही वाट्यांत एकच लाल रस्सा.
कुणकेश्वरला मात्र, नाव नसलेल्या टपरीत,
जाळीदार घावणे आणि गुळाचा रस.
तिथे मी तिसऱ्यांदा मागितलं
आणि शशिकलेनं माझ्याकडे बघितलं नाही,
कारण ती स्वतःचं चौथं खात होती.

तर, रिक्षावाल्याला मनात दंड ठोकून
मी वळणार, एवढ्यात आतून ताटांचा आवाज.
उष्टा हात अंगापासून लांब धरून
द्वारकाबाई दारात आल्या.
"वारो फिरलो. होडी गेलीच नाय.
तुमी खयसून इलास?"
"बार्शीहून."
बार्शी त्यांना माहीत नव्हती.
उन्हात उभं राहिलेलं माणूस माहीत होतं.
"मगे बसा. आमी जेवतोव ता चलात?"

उकड्या तांदळाची पेज. कुळथाची पिठी.
चुलीत भाजलेला सुका बांगडा,
खारातला आंबा, सुरकुतलेला, आख्खा.
टेबलं भिंतीला लावून ठेवलेली,
आम्ही सगळे खाली, मांडीला मांडी.

तेव्हा शशिकलेनं पिशवीत हात घातला.
परमुलखात पोटाची सोय म्हणून
चार दिवस वाहिलेला, एकदाही न उघडलेला
डबा उघडला:
तीळ लावलेली कडक भाकरी,
उखळात कुटलेली, तेल सुटलेली शेंगाचटणी.
"काही नाही हो, घरचंच आहे," असं म्हणाली,
जसं बायका आपल्या उत्तम गोष्टीबद्दल म्हणतात.

भाकरी मोडल्याचा आवाज झाला
तसा नातू दचकला: "आये, ह्यांची भाकरी फुटली!"
सून प्रणालीनं तुकडा पिठीत बुडवला,
वर चिमूटभर चटणी,
आणि मग कितीतरी वेळ ती काही बोललीच नाही.
दात नसलेल्या आजोबांनी
पेजेत भिजत घातला आपला वाटा
आणि राखण बसले त्याच्यावर.
मी बांगड्याचा काटा काढत होतो,
चटणीचं बोट चाटत होतो,
माझ्या जिभेवर बार्शी आणि आचरा
एकमेकांना विचारत होते, तुमचं गाव कोणतं?

किती पेज घेतली मोजली नाही.
मी. मोजली नाही.

हात धुऊन पाकीट काढलं: किती झाले?
द्वारकाबाई हसल्या.
"हाटेल बंद आसा मां.
बंद हाटेलात बिल कसला?"

डबा त्यांनी ठेवून घेतला होता.
परत दिला तो जड, फडक्यात बांधलेला.
रिकामा डबा परत करू नये
हे बार्शीतही असंच आहे, शशिकला म्हणाली,
आणि दोघी उगाच डोळे पुसत हसल्या,
चटणी तिखट होती म्हणून असेल.

कोल्हापूरच्या एसटीत फोंडा घाट चढताना
डब्यातल्या गोलम्यानं आपली ओळख करून दिली.
पुढच्या दोन बाकांनी खिडक्या उघडल्या.
कंडक्टरनं मान वळवली.
मी समोर बघत राहिलो, निरपराध.
मागचा एक म्हातारा मात्र पुढे वाकला,
डोळे मिटून, नाक उचलून:
"असलं सुकट कुठं मिळालं, पाव्हणं?"

पत्ता सांगितला.
तिठा, माडांची वाट, निळं दार, खडूची पाटी.
आणि त्यानं लिहून घेतल्यावर म्हटलं,
बंद असेल तेव्हाच जा.