कोणाकडे काय

दाजी पेठेतल्या वाचनालयाचा वरचा हॉल
शनिवारी चार वाजता मी उघडतो.
किल्ली माझ्याकडे, कारण रिकामा माणूस मीच एक,
आणि जिन्याचा कठडा कुठे हलतो ते मला पाठ आहे.

पहिल्या शनिवारी पुण्याहून एक तरुण आला होता.
छान बोलला. भिंतीवर उजेड पाडून दाखवलं:
ध्येय, धोरण, पाच वर्षांचा आराखडा.
मग लाइट गेली.
अंधारात नीलव्वा बिराजदारांचा आवाज आला,
"सर, पाच वर्षं राहू द्या.
शेंगाचटणीचं पाकीट पंधरा ग्रॅम कमी भरतंय म्हणून
दुकानदार परत पाठवलालाय. धड काटा कुठं मिळंल?"

त्याच्याकडे काटा नव्हता.
होता यादगिरी कुडक्यालकडे. चार मागांचा मालक,
टॉवेलचे गठ्ठे तोलणारा,
कानात दिवसभराचा खडखडाट घेऊन मागे बसलेला,
म्हणून गरजेपेक्षा मोठ्यानं म्हणाला,
"मंगळवार सोडून कधीबी न्या की वो!"

त्या रात्री मी दोनशे पानी वही आणली.
डाव्या पानावर लिहिलं: कोणाकडे काय आहे.
उजव्या पानावर: कोणाला काय हवं.

दोन आठवडे वही कोरी.
'हवं'खाली स्वतःचं नाव घालायला
कोणाचा हात पुढे होत नाही, हे मला माहीत असायला हवं होतं.
मग कोणीतरी लिहिलं: प्रिंटर आहे, शाई आपली आणावी.
एका हिशेबनीसाचा नंबर, पुढे कंसात
(ओरडतात, पण काम चोख).
अंधशाळेच्या चिटणीसांनी लिहिलं, सहा वर्षं
धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट अडकलाय,
कोणाचा सुटला असेल तर निदान कसा ते सांगा.

आणि डावीकडे दोन ओळी तेलुगूत.
कोणालाच वाचता येईनात.
यादगिरीनं बोट ठेवून, अडखळत वाचल्या:
मी राजव्वा गुंडेटी. विड्या वळते, पाळणाघर चालवते.
शनिवारी तुमची पोरं माझ्याकडे सोडा.
पैसे नकोत. सहाला न्या.

पुढच्या शनिवारी हॉलमध्ये अकरा बायका जास्त.
सतरंजी पुरेना.
इतके दिवस आम्ही समजत होतो, त्यांना रस नाही.

उजव्या पानाच्या तळाशी, पेन्सिलीनं, बिननावाची एक ओळ:
बँकेच्या साहेबासमोर बोलायला शिकवेल असा माणूस.

तीन शनिवार तिच्या समोरची जागा रिकामी.
मी वही मिटायचो, कपाटात ठेवायचो,
कुलूप दोनदा ओढून बघायचो.

सत्तावीस वर्षं मी कर्जाच्या टेबलाच्या
आतल्या बाजूला बसलो.
जामीन कोण? उतारा कुठाय? उद्या या.
साहेब जेवायला गेलेत, असं शिपाई सांगायचा,
तेव्हा साहेब मीच असायचो,
आणि जेवण झालेलं असायचं.

चौथ्या शनिवारी टेबल खिडकीपाशी ओढलं.
समोर एकच खुर्ची, मुद्दाम जरा लांब.
चष्मा नाकावर घसरवला, रद्दीच्या फायलीत मान घातली.
नीलव्वा आल्या, घाम पुसत, कागद उलटे धरून.
यादगिरी ओरडून बोलला, मी म्हणालो, हळू.
एकीला रडू आलं, मग हसू, मग दोन्ही.
हाडात बसलेलं काम. मला काही आठवावं लागलं नाही.

सहा वाजून गेल्यावर, पोरं पोचवून राजव्वा आली.
बोटांना तंबाखूचा वास.
बसली नाही.
मी फायलीतूनच विचारलं, "काय काम?"

ती उभीच. खाली रिक्षावाले भांडत होते.
"साहेब," ती मराठीत म्हणाली, एकेक शब्द निवडत,
"आधी वर बघा."

बघितलं.
पुढचं वाक्य माझं होतं.
मला येत नव्हतं.