सांधेमोड

चिरे लावताना बाबा म्हणायचे,
सांध्यावर सांधा येता नये.
मी चिऱ्याला कधी हात लावला नाही.
वेंगुर्ल्यात, बंदराकडच्या उतारावर
मोटर रिवाइंडिंगचं दुकान टाकलं,
आणि घरी पडवीच्या कोपऱ्यात
तांब्याच्या विटा रचत गेलो.
सांधा मोडून.

एकेक वीट किलोची.
दिसायला अंगाच्या साबणाएवढी,
उचललीत की मनगट दचकतं.
आज सत्त्याण्णव आहेत.
पाहुण्यांना मी ऐंशी सांगतो.

शालन म्हणते,
"एक मणी घेतलो आसतो तर गळ्यात तरी घातलो आसतो.
ह्या काय चुलीत घालूचा?"
चुलीतच तर घालतो.
करवंट्यांचा कोळसा, जुन्या ब्लोअरचा वारा,
मुशीत जळक्या आर्मेचरची गुंतवळ,
वर चिमूटभर टाकणखार.
बराच वेळ काहीच होत नाही.
मग गुंतवळ मान टाकते
आणि कडेने एक हिरवी ज्योत उठते.
तो हिरवा मला दुसरीकडे कुठे दिसलेला नाही,
भाताच्या तरव्यातसुद्धा नाही.

भाव बघत नाही असं नाही.
रोज बघतो, आणि विकत नाही.
याकूब मुजावर, भंगारवाला, विचारतो,
"गिरपानु, शेवट काय ह्येचो?"
मी त्याला बारावी वीट दाखवतो:
खवणेकरांच्या मचव्याच्या बुडाचा पत्रा होता.
तेविसावी, देवळाच्या विहिरीचा पंप,
तीनदा मीच बांधलेला, चौथ्यांदा माझ्याकडेच आला.
शेवटाचं मला काय माहीत.

इथली हवा खारी.
पंधरा दिवस पुसलं नाही तर वीट काळवंडते,
पावसात कोपऱ्यांना मोरचूद चढतो.
म्हणून रविवारी, मासळी आणून झाली की
आमसुलं भिजवायची,
बिंबळं मिळाली तर बिंबळं,
आणि एकेकीला घासायची.
नखं आंबतात, चरे झोंबतात,
पण वीट निघते
ताज्या बांगड्याच्या कल्ल्यासारखी.

गेल्या मे महिन्यात याकूबने वजनावर दिलं
एक घंगाळ.
बुडाला चेप, एक कडी गेलेली.
साडेचार किलो. म्हणजे चार विटा, वर थोडं.
हातोडा उचलला, तर काठावर
टिंबाटिंबांनी कोरलेलं:
चि. सौ. कां. इंदुमती हिचे लग्नात
मामा भिकाजी तांडेलकडून. सन १९५२.

'मामा'वर घाव घालवेना.
उलटं केलं, बुडाकडून मारू म्हटलं.
बुडाला राखेचा काळा थर,
कुणीतरी वर्षानुवर्षं पाणी तापवलेलं.
हातोडा खाली ठेवला
आणि चष्म्याकडे बघत बसलो.
इतकी वर्षं भांडी फोडताना
तो दुकानात टेबलावर असायचा.

त्या रात्री मी विटा मोजल्या.
आकडा बरोबर आला.
आत किती जण आहेत, ते मात्र लागेना:
कुणाची आत्या, कुणाची काकी,
कुठल्या डोहाळजेवणाचा तांब्या,
कुणाचं साल.
वीट कानाला लावून बघितली,
साठी उलटलेल्या माणसाने, रात्री दोन वाजता.
गार होती.

घंगाळ विटांत बसत नाही.
गोल वस्तूला सांधाच नसतो, मोडणार कुठला?
महिनाभर ते ढिगावर पालथं होतं.
मग शालननेच उचललं,
राखेने घासलं, कासाराकडून कडी बसवून आणली,
आणि आता सकाळी न्हाणीतून हाक मारते,
"इंदुमतीत पाणी काढलंय, न्हावन घेवा,"
जशी काही ती शेजारच्या घरातली बाई.

अठ्ठ्याण्णवावी अजून ओतलेली नाही.
कोळसा भरून ठेवलाय, मूस पालथी.
वरच्या थरात एका विटेची जागा रिकामी आहे,
तिथून खालचा सांधा दिसतो.
बाबा असते तर बोलले असते.