तरीवरून

पनवेलहून आलेल्या भाच्यानं
सोसायटीचा लॅपटॉप धुऊनपुसून नवा केला
आणि रात्रीच्या गाडीनं गेला.
सकाळी उघडला तर
कोपऱ्यातली ती खूण नाही,
तिसऱ्याच्या शिंपीसारखी, रेघारेघांची.
तिच्या जागी एक पृथ्वी. पृथ्वीवर फुली.

भिंतीवरच्या खोक्याचे चारही दिवे हिरवे.
म्हणजे नेट खोलीत आहे,
माझ्या खांद्यावरून वाकून बघतंयसुद्धा असेल.
ह्यालाच दिसत नाही.

विचारलं, काय हवंय तुला?
म्हणाला, ड्रायव्हर.
कुठे मिळेल?
म्हणाला, इंटरनेटवर शोधू का?

वायर लावावी तर ह्या चपट्याला वायरीचं भोकच नाही.
मोठा फोन मंगळवारी धक्क्यावरून खाडीत गेला,
उरलाय तो बटणांचा, नुसता बोलतो.
सड्यावर रेंज आहे म्हणतात,
पण ह्याची बॅटरी मेलेली,
प्लग काढला की डोळे मिटतो.
आणि सतरा होड्यांचा डिझेल कोटा
आज पाचच्या आत भरायचा.

पलीकडे बंदरात शफी हमदुलेचं मोबाइलचं दुकान.
फोनवर म्हणाला, बाई, आधी चिपचा नंबर सांगा.
पिवळ्या उद्गारचिन्हाखाली बोट धरून
मी वाचत गेले,
दहा, ई, सी, मग सी, आठ, दोन, एक,
होडीच्या नाळेवरचा नंबर वाचावा तशी.

इकडे फेरीबोटीला अजून तर म्हणतात.
ती सुटते तासाला एक.
सोनू पावसेला म्हटलं,
शफीकडून ड्रायव्हर आणायचाय.
"आणतो की गो बाय. जेवलाय काय तो?"

अकराच्या खेपेला त्यानं खिशातून काढला,
पिशवीत पेनड्राइव्ह, पिशवीला तीन गाठी.
"ह्यो ड्रायव्हर?" हातावर तोलून बघितला.
"मंग अर्धं तिकीट."

लॅपटॉपनं वास घेतला, तोंड फिरवलं.
हा ह्या यंत्राचा नव्हे.
शफीनं सीच्या जागी बी ऐकला होता,
फोनमध्ये वारा होता म्हणाला.

पुन्हा पिशवी, पुन्हा गाठी, पुन्हा तर.
ओहोटी लागलेली, वाळूचा दांडा उघडा पडलेला,
सोनू लांबून वळसा घालून गेला.
मी धक्क्यावर उभी, छत्री कलती धरून.
जगाचं सगळं म्हणे हवेतून येतं.
माझं येत होतं डिझेलच्या धुरातून,
दोन टोपल्या बांगडे, कुणाची तरी शिवणयंत्राची पेटी,
चाकं बांधलेली एक मोटारसायकल,
आणि सोनूच्या खिशात
अठ्ठेचाळीस एमबी.

पावणेचार.
हिरवी पट्टी सरकत गेली, ब्याण्णववर थांबली.
मी पंखा बंद केला. का, ते माहीत नाही.
मग पिवळं चिन्ह विझलं
आणि कोपऱ्यात शिंपी उघडली,
आधी एक रेघ, मग तिन्ही.

नेट मिळाल्यावर ह्याचं पहिलं वाक्य:
तुमच्या ड्रायव्हरची नवी आवृत्ती उपलब्ध आहे.
आणू का?
नको, म्हटलं. बस गप.

सतरावी होडी चार अठ्ठावन्नला चढली.
मग किरकोळ खर्चाच्या वहीत लिहिलं:
ड्रायव्हर आणणे, पलीकडून अलीकडे.
आला तो, परत गेला तो, आणि दुसरा आला तो,
तीन अर्धी, एकूण दीड तिकीट.
ऑडिटवाले विचारतील, हा दीड माणूस कोण.
विचारू देत.

संध्याकाळची शेवटची खेप बांधून सोनू आला,
सहीच्या जागी सही केली,
पेन माझ्या टेबलावर नीट आडवं ठेवलं,
आणि दारातून वळून म्हणाला,
"आता ऱ्हानार ना तो हितंच?"