रक्ताला गार पाणी

ऑगस्टात नवा कोच आला
तो आधी मैदानावर गेलाच नाही.
जिना उतरून तळघरात आला, माझ्याकडं:
चार मशीनं, दोन ड्रायर,
आणि नऊ वर्षं रिकामं असलेलं ढालींचं कपाट,
जे वरच्या मजल्यावर लाज वाटते म्हणून इथं आणून ठेवलंय.
म्हणाला, मी वेंडेल ट्रस्क. शाळेत सुतारकाम शिकवायचो.
मी म्हटलं, कुमुद. तो कुमूड म्हणाला.
आयोवात सगळेच म्हणतात. मी सोडून दिलंय.

मग विचारलं,
सामन्यानंतर कुणाची जर्सी स्वच्छ येते?

नऊ वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.

मी सांगितलं.
सात नंबर, ज्याचा फोटो बँकेत लावलाय,
त्याची पुढून कोरी, पाठीवर गवत.
म्हणजे पडतो. पाडत नाही.
अठ्ठावीसच्या बाहीवर समोरच्याचा लाल रंग असतो,
दोन धुण्यांत निघत नाही. तो पोरगा खरा.
आणि एकसष्ट?
त्याची घडीच मोडत नाही. तरी मी धुते.
कोचनं कानामागची पेन्सिल काढली
आणि साबणाच्या खोक्यावर सगळं लिहून घेतलं.

खेळ मला अजून कळत नाही.
फुटबॉल म्हणायचं आणि हातानं खेळायचं,
चार पावलं पळायचं, थांबायचं, डोकी जुळवून कुजबुजायचं,
परत चार पावलं.
पण रेषेवर एक जण ओणवा होतो, दम धरतो,
तिथं मला पंचगंगेच्या काठचे बाळूकाका दिसतात,
मांडीवर थाप मारून सात जणांत एकटे शिरणारे.
तेवढं कळतं. तेवढ्यावर भागतं.

सप्टेंबरात पहिले दोन्ही हरलो.
कोपऱ्यावरच्या हॉटेलात डोरीन कॉफी ओतता ओतता म्हणाली,
सुतार कशाला आणलाय, खुर्च्या करायला?
त्या रात्री कोच परत खाली आला.
पोरांना काय बोलू, असं त्याला विचारायचं असावं,
विचारलं मात्र, हा चिखल कसा निघतो?
मी म्हटलं, रक्ताला गार पाणी,
गरम घातलं की डाग पक्का बसतो.
गवताला व्हिनेगर.
चिखलाला काही नाही. ओला चोळायचा नाही,
वाळू द्यायचा, मग झटकायचा.
आईचं होतं हे. इचलकरंजीत, मागांच्या खडखडाटात
ओरडून सांगितलेलं.
तो बराच वेळ ड्रायरकडं बघत बसला.
वर जाऊन पोरांना म्हणे एवढंच बोलला:
घरी जा. सोमवारी झटकू.

सोमवारी सात नंबर बाकावर बसला, अठ्ठावीस पुढं आला.
त्यानंतर जे धुणं यायला लागलं!
बावन्न जर्सी, बावन्नच्या बावन्न मळलेल्या.
नाही, एक्कावन्न.
ऑक्टोबर गेला, मक्याची शेतं कापून झाली,
आम्ही जिंकत राहिलो.
माझ्या बोटांना भेगा पडल्या.
डोरीननं कॉफीचे पैसे घेणं बंद केलं,
कोचचे नाही, माझे.

अंतिम सामना डिसेंबरात, बर्फात,
बसनं सहा तास लांब.
मी राखीव जर्सींची पिशवी मांडीवर धरून बसले होते.
सतरा-चौदा. शेवटचे अकरा सेकंद.
कोचनं एकसष्टला आत पाठवलं.
करायचं काही नव्हतं, चेंडू घेऊन गुडघा टेकतात
त्याच्या शेजारी नुसतं उभं राहायचं.
तो राहिला. असा, की जणू दार अडवलंय.

रात्री तीनला गोण्या तळघरात आल्या.
कोच म्हणाला, आज राहू दे.
मी म्हटलं, ढाल तुम्ही पुसा. कापड थांबत नाही.
एकेक उलगडली. बर्फ, रक्त, चुन्याची पांढरी रेघ.
एकसष्टला डाग नव्हताच,
फक्त उजव्या खांद्यावर तळहाताएवढा ओलावा,
जवळ नेला तर खारट वास.
कुणीतरी तिथं डोकं टेकलं होतं.
कुणी, ते मला ओळखता येईना.
गार पाण्यात घातली.

मग मोजे मोजले.
एक कमी.
दर वेळी एक कमी असतोच.