अकरा मिनिटांचं ऊन

थर्सो गावात डिसेंबरचा सूर्य
नऊला कामावर येतो आणि साडेतीनच्या आत
टेबल आवरून निघून जातो.
तेवढ्या वेळात त्याला गाठायचं म्हणून
दक्षिणेच्या खिडकीत मी टॉर्च पालथी निजवते,
पाठीवरची काळी पट्टी आभाळाकडे करून,
तेल लावलेलं बाळ कोवळ्या उन्हात ठेवावं तशी.

संध्याकाळी हिशोब.
आज अकरा मिनिटं.
काल ढग होते, चारच.
रविवारी गारा. रविवारचं काही विचारू नका.

अकरा मिनिटांत काय बसतं ते आता पाठ झालंय:
कचऱ्याचा डबा फाटकापर्यंत, दोन.
गाडीची काच खरवडणं, पाच.
शेडमध्ये पाना शोधायला जाऊ नये,
तिथं वर्षाचं ऊनही पुरायचं नाही.

जूनमध्ये हीच टॉर्च काठोकाठ भरते
आणि रात्र येतच नाही.
अकरा वाजता अंगणात बसून पेपर वाचावा.
ती खुंटीला लटकलेली,
गडगंज, आणि कुणालाच नको असलेली.

गेल्या मंगळवारी वादळात तारा तुटल्या.
फोन दुपारीच मेला होता.
शेजारच्या इशबेल गन, वय सत्त्याऐंशी,
काठीनं दार बडवत आल्या:
कानातलं मशीन पडलंय, पलंगाखाली,
किंवा कुठंही.

सहा मिनिटं शिल्लक होती.
आम्ही दोघी गालिच्यावर रांगत निघालो.
दोन पेनी सापडली, मांजरानं लपवलेलं वाळकं उंदीर,
आणि एक पितळी बटण, नांगर कोरलेलं.
बटणावर त्यांनी सबंध एक मिनिट खर्च केलं.
मी काही म्हटलं नाही.
म्हटलं असतं तरी ऐकू कुठं येणार होतं.

मशीन निघालं सपातेत.
उजेड लाल झाला, मग तांबूस, मग
कुठं होता तेही सांगता येईना.
अंधारात त्यांनी ते कानात बसवलं
आणि दचकून म्हणाल्या,
"बाई गं, वारा केवढा सुटलाय!"

सकाळी पावणेदहाला ढगात फट पडली.
मी टॉर्च घेऊन खिडकीकडे धावले.
पलीकडच्या खिडकीत त्याही होत्या,
मूठ मिटलेली, डोळे मिटलेले,
तोंड वर करून
नुसत्या ऊन खात बसलेल्या.