गृहीत

पाच दिवस प्रोग्रॅम नीट चालतो, सहाव्या दिवशी पडतो.
सहावा दिवस म्हणजे कॉड भरभरून आल्याचा.
समुद्रानं हात आखडला की सगळं सुरळीत;
धक्क्यावर पेट्यांवर पेट्या चढल्या
की पडद्यावर एकच ओळ:
फार फायली उघड्या आहेत.
आणि लिलाव थांबतो. बर्फ थांबत नाही.

क्लाक्सविक, फेब्रुवारी, पहाटेचे चार.
खरेदीदार थर्मासच्या झाकणातून कॉफी पीत
माझ्या पाठीकडे बघतायत.
मार्युन म्हणते,
तुझ्या प्रोग्रॅमला मासळी सोसत नाही बहुतेक.

तीन रात्री मी माझाच कोड विंचरला,
उवा काढाव्या तशी एकेक ओळ नखावर घेऊन.
सापडला एक स्वल्पविराम. तोही निरपराध.

चौथ्या रात्री कोडच्या खाली वाकून पाहिलं.
तव्याखालचा जाळ कोण बघतं
भाकरी करपेपर्यंत?
तिथं एक आकडा बसला होता,
कुणी बसवलेला, कुणी न उठवलेला:
एक हजार चोवीस.
एका वेळी इतकीच दारं उघडा, पुढं नाही.

आमचा प्रत्येक वजनकाटा एक दार,
प्रत्येक बोट, प्रत्येक बोली,
बर्गनहून बोली लावणारा तो न दिसणारा गिऱ्हाईकही.

कुणी ठरवला असेल?
ज्याच्या यंत्रावर चारच माणसं बसत असतील,
हजार म्हणजे पुरून उरतील असं ज्याला वाटलं असेल,
आणि जेवण थंड होत असेल.
त्याच्यावर रागावता येईना.
त्यानं आम्हाला गृहीत धरलं नव्हतं,
आम्हीच त्याला धरलं होतं.

पण मग जुन्या यंत्रावर अकरा वर्षं
हे कसं झालं नाही?

यालग्रीमला फोन लावला. निवृत्त झालाय,
वरच्या गावात मेंढ्या बघतो.
रेडिओ बारीक केल्याचं ऐकू आलं.
"हां, तो आकडा होय. मी वाढवला होता,
वादळाच्या साली, एका हातात टॉर्च धरून."
"कुठं लिहून नाही ठेवलंत?"
"कुणी विचारलं नाही."

जुनं यंत्र भंगारात गेलं,
त्याच्या पोटात यालग्रीमची ती रात्रही गेली.
नवं आलं ते
कारखान्याचा स्वभाव घेऊन.

मी आकडा बदलला: पासष्ट हजार पाचशे छत्तीस.
एक ओळ. तीन रात्रींचं काम, एक ओळ.
तिच्या डोक्यावर शेरा लिहिला:
हा आकडा कमी करू नये. कॉड आला की दारं लागतात.
शंका असल्यास यालग्रीमला विचारा, नाहीतर मला.
त्यापुढं कुणाचं नाव लिहावं
ते सुचेना. जागा कोरी सोडली.

सहा वाजता लिलाव सुरू झाला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.
मार्युननं न विचारता
माझ्या कपात कॉफी ओतली, साखर घालून.
मी साखर सोडल्याला दोन वर्षं झाली.
प्यायले.

दुपारी यालग्रीमचाच फोन.
"किती केलास?"
सांगितलं.
बराच वेळ काहीच नाही. मागं एक मेंढी ओरडली.
"एवढे मासे," तो म्हणाला,
"उरलेत तरी का गं या समुद्रात?"